कच्च्या वहीतलं नाव

लेकीला अकोल्याच्या गाडीत बसवून दिलं आणि वाशिमच्या स्टेशनवर मी जरा बाकड्यावर टेकले. सकाळचे साडेआठ वाजले असतील. तेवढ्यात आमच्या यांचा फोन आला. एरवी हे आधी "बसली का पल्लवी?" असं विचारतील, त्या दिवशी काही विचारलं नाही. "सुनंदा गेली," एवढंच म्हणाले. मेथीच्या जुड्या बांधत होती, छातीत कळ आली म्हणाली, पाणी मागितलं, आणि पाणी आणेपर्यंत... मी फोन पिशवीत टाकला. डोळ्यांत पाणी यायला वेळ लागला. त्याच्याआधी मनात एक विचार आला, आणि तो सांगायचा नसेल तर मी हे लिहूच नये. मला वाटलं, घ्या, हिनं इथंही माझ्याआधी नंबर लावला. आता सगळं गाव हिच्यासाठी रडेल, आणि उद्या मी मेले की म्हणेल, धाकटीची सर हिला नव्हती.

सुनंदा माझी धाकटी जाऊ. तिला जाऊन दीड महिना होतो आहे. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी घरातल्या कुणीतरी तिच्यावर लिहावं असा निरोप आला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण आमच्या घरात लिहिणारी मीच. बारावी पास होऊन या घरात आले, अक्षर चांगलं, अर्ज-बिर्ज सगळे माझ्याकडेच येतात. मी हो म्हटलं. पण नुसतं गोड लिहायला बसले तर दोन ओळींच्या पुढे जाता येईना. वीस-बावीस वर्षं आम्ही एका घरात काढली, आणि त्यातली बरीचशी मी तिचा हेवा करण्यात घालवली. ते वगळून तिच्याबद्दल सांगण्यासारखं माझ्याजवळ फार थोडं उरतं.

आमचं घर वाशिम शहराच्या जरा बाहेर. घरामागे मळा... वांगी, मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर. मी थोरली सून. माझ्यामागून चार वर्षांनी सुनंदा आली, मानोऱ्याजवळच्या एका खेड्यातली, चौथी शिकलेली. ठेंगणी, सावळी, पुढचे दोन दात जरा बाहेर. दिसायला माझ्यापुढे काहीच नव्हती, आणि तिच्या लग्नात मी स्वतःशी असं म्हटल्याचंही मला आठवतं. पण आल्यापासून महिनाभरात घर तिच्याभोवती फिरायला लागलं. सासूबाई माझ्याशी कामापुरतं बोलायच्या. तिला मात्र हाक मारायच्या, "सुनंदे, थोडीशी बस माय माह्याजवळ." नुसतं बसायला बोलवायच्या. मला चार वर्षांत कधी बसायला बोलावलं नव्हतं. बाजारात आम्ही दोघी शेजारी-शेजारी बसायचो, माल एकाच वाफ्यातला, भाव एकच, तरी तिचं पोतं अकराला रिकामं व्हायचं आणि मी दुपारी दोनपर्यंत सुकलेल्या पालकावर पाणी शिंपडत राहायची. ती गिऱ्हाइकाला विचारायची, "काल नेली ते वांगी कशी निंगाली?" मी विचारायची, "किती देऊ?" एवढाच काय तो फरक होता, पण तो मला करता आला नाही. एकदोनदा तिच्यासारखं विचारून पाहिलं. बाई संशयानं माझ्याकडे पाहत पुढे गेली.

मग मला दालमिलमध्ये काम लागलं. हजेरी लिहिण्याचं. मिलचं नाव इथं घेत नाही, आता ती दुसऱ्याच मालकाकडे आहे. ऑफिसात टेबल, खुर्ची, डोक्यावर पंखा. घरात पहिल्यांदा असं काही झालं होतं की जे फक्त माझं होतं. माझ्याकडे दोन वह्या असायच्या. पक्की वही, तिच्यात कायम माणसांची आठ-दहा नावं, ती साहेब-लोक तपासायला आले की पुढे करायची. आणि कच्ची वही, तिच्यात हंगामाला येणाऱ्या तीसेक बायांची नावं... निवडणं, पोती शिवणं, झाडणं. ती कुणाला दाखवायची नसायची. असं का, हे मी कधी विचारलं नाही. खुर्चीवर बसणाऱ्यानं फार विचारू नये, हे मला न सांगता समजलं होतं.

सुनंदाला मिलमध्ये मीच नेलं. यात माझा काही चांगुलपणा नव्हता. मी संध्याकाळी थकून घरी यायची तेव्हा ती आणि सासूबाई ओट्यावर शेंगा सोलत हसत बसलेल्या दिसायच्या, आणि ते मला पाहवत नसे. मी सासूबाईंना म्हटलं, "घरात बसून काय करते थे? मिलवर येऊ द्या, चार पैसे येतील." सुनंदा लगेच तयार झाली. तिला वाटलं, बाईनं आपल्यासाठी शब्द टाकला. ती मला बाई म्हणायची, सासूबाईंना आत्याबाई. पहिल्या दिवशी जाताना रस्त्यानं म्हणाली, "बाई, तुमी हाय म्हनून मले भ्याव नाही." आणि आठ दिवसांत तिथंही तेच झालं. दुपारच्या सुट्टीत बाया तिच्यासाठी डबे न उघडता थांबायच्या. खिडकीतून त्यांचं हसणं ऐकू यायचं. मी पंख्याखाली एकटी जेवायची.

असे तीन हंगाम गेले. चौथ्या हंगामात तो दिवस आला. मशीनच्या पट्ट्यावरची लोखंडी जाळी दुरुस्तीला काढलेली होती, ती कित्येक दिवस कुणी परत बसवली नव्हती. पट्ट्यात पोत्याची सुतळी गुंतली. मुकादम म्हणाला, मशीन बंद केलं की अर्धा तास जातो, हातानं ओढून घे. समोर सुनंदा होती. मी ऑफिसात नावं लिहीत होते. ओरडणं मी ऐकलं नाही, मशीन थांबल्याचं ऐकलं. दिवसभर घरघरणारी मिल एकदम गप्प झाली. मी धावत गेले तेव्हा ती जमिनीवर बसलेली होती, आणि दोन बाया तिला धरून होत्या. तिचा उजवा हात मी इथं वर्णन करणार नाही. माझ्याकडे पाहून ती म्हणाली, "बाई, आत्याबाईले एकदम सांगू नका." मी माझं लुगडं फाडून तिचा हात बांधला, तिला गाडीत घातलं, दवाखान्यात रात्रंदिवस बसले. ते मी मनापासून केलं. त्या चार दिवसांत माझ्या मनात हेवा नव्हता, हे मला निश्चित सांगता येतं, कारण तो परत आला तेव्हा मी त्याला ओळखलं.

मनगटाच्या वरून हात काढावा लागला. ती घरी आली. सासूबाई तिला आपल्या हातानं भरवायच्या. आमचे हे, जे माझ्या बाळंतपणात कधी दवाखान्याची पायरी चढले नव्हते, ते तिच्यासाठी बाजारातून द्राक्षं आणायचे. धाकटे दीर प्रकाश, तिचा नवरा, तिची वेणी घालायला शिकले. रोज कुणी ना कुणी भेटायला यायचं, चहा मी करायची. हात तुटलेल्या बाईचा हेवा वाटतो असं मी कुणाला सांगितलं असतं तर लोकांनी मला दगड मारले असते. पण वाटायचा. मी दोन हातांनी दिवसभर राबत होते आणि माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. एके दिवशी माझी पल्लवी, तेव्हा दहा-अकरा वर्षांची होती, सुनंदाच्या कुशीत शिरून तिला म्हणाली, "काकू, आता मी तुया उजवा हात." मी स्वयंपाकघरात पीठ मळत होते. माझी पोटची पोर.

त्याच आठवड्यात मिलच्या मॅनेजरनं मला बोलावलं. सुनंदाच्या माहेरचा एक जाणता माणूस तिला घेऊन सरकारी मदतीच्या वकीलबाईकडे गेला होता आणि नुकसानभरपाईचा दावा दाखल झाला होता. कामावर असताना कामगाराला इजा झाली तर मालकानं भरपाई द्यायची असा कायदा आहे. पण त्यासाठी आधी ती कामगार होती हे तर ठरलं पाहिजे. मिलनं उत्तर दिलं की सुनंदा नावाची बाई आमच्याकडे कामालाच नव्हती. पक्क्या वहीत तिचं नाव नाही. ती आली होती आपल्या जावेला डबा द्यायला, आणि मशीन पाहायच्या नादात तिनंच हात घातला.

"तुमचीच जाऊ आहे," मॅनेजर म्हणाले. "तुमाले डबा द्याले आली होती, एवढंच लिहून द्या. अन् थे कच्ची वही इकडं आनून द्या, शेठनं मांगितली."

ती वही तेव्हा आमच्या घरी होती. महिन्याचा हिशोब लावायला मी ती घरी आणत असे. मॅनेजरनं मला धमकी दिली नाही, की मोठं आमिषही दाखवलं नाही. नोकरी पक्की करू म्हणाले, तेवढंच. मी नाही म्हणू शकले असते. मला विचार करायला दोन दिवस होते, आणि त्या दोन दिवसांत मी विचार केला तो असा, की मिल जिंकली तर सुनंदा काही उपाशी मरणार नाही, पण निदान एक गोष्ट तरी तिच्या मनासारखी होणार नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी वही पदराखाली धरून मी घरातून निघाले आणि मॅनेजरच्या टेबलावर ठेवली. त्यांच्या वकिलानं लिहून आणलेल्या प्रतिज्ञापत्रावर सही केली. माझी सही फार वळणदार आहे.

तारखा सुरू झाल्या. सुनंदा प्रत्येक तारखेला जायची. बाकीच्या बायांना साक्षीला या म्हटलं तर एकेक जण मागे सरली, कुणाला लेकीचं लग्न, कुणाला पुढच्या हंगामाची भीती. तिच्याजवळ होता फक्त दवाखान्याचा कागद, त्यावर डॉक्टरांनी लिहिलं होतं की इजा मशीनच्या पट्ट्यात झाली. मला ती कधी काही म्हणाली नाही. मी वाट पाहत होते. तिनं माझ्यापुढे रडावं, "बाई, वही दाखवा" म्हणून पाया पडावं, असं मला वाटत होतं. म्हणजे मग मला काय करायचं ते ठरवता आलं असतं. तिनं एकदाही विचारलं नाही. सकाळी पदराखाली हात झाकून मला म्हणायची, "बाई, आज तारीख हाय, माह्या वाटची भाकर ठेवजा." मी भाकर ठेवायची.

मग माझी साक्ष आली. मिलच्या बाजूनं. मी कोर्टात आधी कधी उभी राहिले नव्हते. मिलच्या वकिलानं पक्की वही पुढे केली, विचारलं, अक्षर तुमचं आहे का, सुनंदाचं नाव यात आहे का. अक्षर माझं होतं, नाव नव्हतं. मी तसं सांगितलं. सगळं खरंच होतं. मग सुनंदाच्या वकीलबाई उठल्या. तरुण होत्या, चष्मेवाल्या. म्हणाल्या, "ही तुमची कोण?" मी म्हटलं, जाऊ. "एकाच घरात राहता?" हो. "मिलमध्ये हंगामाला किती बाया येतात?" मी म्हटलं, येतात तीसेक. "त्या सगळ्यांची नावं या वहीत आहेत?"

मी पक्क्या वहीचं पान उलटलं. पुढचा प्रश्न काय येणार हे मला कळलं होतं, त्यांनाही, समोर बसलेल्या न्यायाधीश साहेबांनाही. तेवढ्यात बाकावर बसलेल्या सुनंदानं डाव्या हातानं वकीलबाईंच्या कोटाची बाही ओढली. त्या वाकल्या. सुनंदा त्यांच्या कानात काहीतरी बोलली आणि मानेनं नाही-नाही म्हणाली. वकीलबाई चिडल्यासारख्या दिसल्या, क्षणभर उभ्या राहिल्या, आणि साहेबांना म्हणाल्या, "बस, आणखी काही विचारायचं नाही."

मी सुटले होते. खाली उतरून घरी जायचं होतं. पण मी सुनंदाकडे पाहिलं आणि मला समजलं की हिनं मला वाचवलं. या सगळ्या लोकांसमोर, एका हाताची ही चौथी पास बाई मला सोडून देत होती, आणि आता जन्मभर मला हिच्या उपकाराखाली या एका घरात राहायचं होतं. माझ्या सदसद्विवेकानं मला बोलायला लावलं असं लिहिता आलं असतं तर किती बरं झालं असतं. तसं झालं नाही. तिचा मोठेपणा मला सहन झाला नाही, म्हणून मी बोलले.

"साहेब, एक वही अजून होती," मी म्हटलं. "कच्ची वही. माह्या हातानं लिहिलेली. तीन हंगामापासून सुनंदाचं नाव त्यात आहे. त्या दिवशीची हजेरीबी आहे. थे वही मीच नेऊन देली मॅनेजरले."

मिलचे वकील उठून उभे राहिले. साहेब म्हणाले, "बाई, तुम्हाला हे कुणी विचारलेलं नाही." मी म्हटलं, "नाही विचारलं." "मग प्रतिज्ञापत्रात डब्याचं लिहिलंय ते?" मी म्हटलं, "सही माही आहे. मजकूर त्याईचा आहे. डबा मी माह्या हातानं नेत होती रोज." साहेबांनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं, मग टंकलेखकाला म्हणाले, लिहून घ्या. माझं बोलणं यंत्रावर उमटताना मी ऐकत राहिले.

घरी जाताना आम्ही दोघी एकाच ऑटोत बसलो. मग तीच म्हणाली, "वहीचं मले मालूम होतं, बाई."

"केव्हापासून?"

"तुमी पदराखाली धरून निंगाल्या ना, तवा मी पडवीतच होती."

"मंग बोलली काहून नाही?"

ती बाहेर पाहत होती. म्हणाली, "राग लय आला होता. आठ दिवस तुमच्या ताटातल्या भाजीत मी वरून मीठ टाकलं. तुमी थेच खाऊन राह्यल्या."

मला आठवलं. त्या आठवड्यात भाजी खारट झाली म्हणून मी सासूबाईंवर चिडले होते, त्यांचं वय झालं असं बोलले होते. मला हसू आलं, तिलाही आलं, आणि हसता हसता ती रडायला लागली. हात गेल्यापासून तिला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. जरा वेळानं मी विचारलं, "मंग आज वकीलबाईले अडवलं काहून?"

"तुमची नोकरी गेली असती तं दोघीबी घरात बसलो असतो. पल्लवीची फी कोन भरनार व्हतं?"

म्हणजे ज्याला मी मोठेपणा समजले, तो घरखर्चाचा हिशोब होता. आणि त्याचा मला जास्तच हेवा वाटला. मला जे करायला एवढं काही लागलं, ते ती भाजीचा भाव ठरवावा तसं करत होती.

नोकरी अर्थातच गेली. दुसऱ्या दिवशी माझी खुर्ची दुसऱ्याला मिळाली. वही कोर्टात हजर करा असा हुकूम झाला तेव्हा मिलनं आधी ती हरवल्याचं सांगितलं, आणि पुढच्या दोन तारखांच्या आत तडजोडीचा निरोप पाठवला. बाहेरच्या बाहेर कमी रकमेत मिटवायचं त्यांच्या मनात होतं. वकीलबाईंनी समजावलं की अशी तडजोड साहेबांसमोर नोंदवावीच लागते, हात गेल्याची जी भरपाई कायद्यानं बसते तिच्यापेक्षा कमी साहेब मान्य करणार नाहीत. मिलला ते कबूल करावं लागलं. कागद तयार झाला. आणि सुनंदा म्हणाली, मी सही करणार नाही.

आम्ही सगळे थक्क. प्रकाशभाऊजींनी कपाळाला हात लावला. ती म्हणाली, "पट्ट्यावर जाळी बसवली का नाही, थे आधी पाहून येतो." वकीलबाई म्हणाल्या, हे या दाव्यात येत नाही. ती म्हणाली, "तुमच्या दाव्यात नसन येत. तिथं आता दुसरी बाई उभी हाय ना." आणि खरंच गेली, एकटी. मिलच्या फाटकावर तासभर उभी राहिली, शेवटी त्यांनी आत घेतलं. जाळी नव्हती. ती परत आली. आठ दिवसांनी निरोप आला की बसवली, ती पुन्हा जाऊन हातानं हलवून पाहून आली, पक्की आहे का ते. मी सहा वर्षं त्या मिलमध्ये होते. ती जाळी काढलेली मी रोज येता-जाता पाहत होते. मला एकदाही सुचलं नाही.

त्या मधल्या दिवसांत ती माझ्याजवळ पाटी घेऊन बसली. तिला अंगठा द्यायचा नव्हता, डाव्या हातानं सही करायची होती. मी तिचा हात धरून शिकवलं. 'सुनंदा' लिहायला तिला बारा-तेरा दिवस लागले. अक्षरं मागे पडल्यासारखी तिरकी, 'नं' सगळ्यांपेक्षा मोठा. तडजोडीच्या दिवशी साहेबांनी तिला विचारलं, कागदात काय लिहिलंय ते समजलं का, कुणाचा दबाव आहे का. मग तिची सही पाहून म्हणाले, "डाव्या हातानं केली? छान आहे." माझ्या सहीला कुणी कधी छान म्हटलेलं नाही. शेजारी साक्षीदार म्हणून मी सही केली, तिकडे साहेबांनी पाहिलंही नाही.

रक्कम किती ते सांगत नाही. त्यातली बरीचशी साहेबांच्या हुकुमानं बँकेत ठेवली. बाकीत तिनं मळ्यात ठिबक बसवलं आणि पुन्हा बाजारात बसायला लागली. मेथीची जुडी दातात दोरी धरून बांधायची. गिऱ्हाईक पूर्वीपेक्षा वाढलं. मी शेजारी असायचीच.

मग माणसं यायला लागली. कुणी कुणाला सांगितलं कोण जाणे... मानोऱ्याकडच्या तांड्यांवरून, पोहरादेवीच्या बाजूनं. ऊसतोडीला गेलेला कुणी ट्रॉलीखाली सापडलेला, कुणाची बोटं गेलेली, कुणाचा नवरा बांधकामावरून पडलेला. ते सुनंदाताईंना विचारत यायचे. ती त्यांना ओट्यावर बसवायची. अर्ज मी लिहायची, कागद मी लावायची, कोणत्या दवाखान्याचा दाखला लागतो ते मला पाठ झालं होतं. दुवा तिला मिळायचा. मी एकदा बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "मंग तुमीच बोलत जा त्याईच्यासंगं." मी बोलून पाहिलं. मी विचारायची, कधी लागलं, कुठं लागलं, हजेरीचा काही पुरावा आहे का. माणूस खाली मान घालून बसायचा, लागलेला हात खिशात नाहीतर ओढणीत. सुनंदा तसं करत नसे. एरवी ती आपला हात सदा पदराखाली ठेवायची, लग्नकार्यात तर कुणाला दिसू देत नसे. पण असं कुणी आलं की ती आधी काही न बोलता पदर बाजूला करायची आणि तो तुटका हात आपल्या मांडीवर ठेवायची, उघडा. आणि बसून राहायची. जरा वेळानं समोरचा आपला हात बाहेर काढायचा. मग बोलायचा. त्यात किती वेळ जातो म्हणून मी लेखणी हातात घेऊन चुळबुळ करायची.

तेरवीला एवढी माणसं आली की मांडव पुरला नाही. ज्यांना मी अर्ज लिहून दिले होते तेच मला विचारत होते, "तुमी ताईच्या कोन?"

परवा दुपारी एक बाई आली. तांड्यावरची, तिशीची असेल, रसवंतीच्या चरकात हात गेलेला. सुनंदाताई आहेत का म्हणाली. मी सांगितलं, ताई वारल्या. ती ओट्याच्या पायरीवरच थांबली, मग जायला वळली. मी म्हटलं, "बस ना. अर्ज मीच लिहीत होती." ती बसली. हात ओढणीत गुंडाळलेला. मी विचारलं, कधी लागलं. मालक काय म्हणतो? घरात कोण कोण आहे? ती अंगणाकडे पाहत राहिली. माझे दोन्ही हात कागदावर होते, धडधाकट, दाही बोटं जागेवर. मांडीवर ठेवून दाखवण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. त्या दुपारी मला सुनंदाचा जेवढा हेवा वाटला तेवढा आयुष्यात कधी वाटला नव्हता.

मी लेखणी खाली ठेवली. आणि तिला सांगायला लागले, की सुनंदाताईचा हात गेला तेव्हा तिच्या नावाची वही मी मालकाला नेऊन दिली होती. मी, तिच्या सख्ख्या जावेनं. का दिली तेही सांगितलं. घरात हे कधी कुणाला इतकं उघड सांगितलेलं नाही. ती बाई माझ्याकडे पाहायला लागली. मी सांगत राहिले, खारट भाजीचं, ऑटोचं. बऱ्याच वेळानं तिनं ओढणी सोडली आणि हात बाहेर काढला.

अर्ज अर्धाच झाला, ऊन उतरलं, तिला गाडी पकडायची होती. जाताना पायरीवर थांबून म्हणाली, "ताई असत्या तं..."

"ती असती तं लवकर झालं असतं," मी म्हटलं. "मले वेळ लागते. सोमवारी ये."